झाड नको, वेल काढ

पुतण्याच्या दाखल्यासाठी तहसिलीतून काढला होता
कोतवाल बुकाचा एक उतारा,
मोडीत. मूळ पानाला वाळवी लागलेली.
अंजनगावात मोडी वाचणारे एक मुनीम होते,
ते मागच्या पोळ्यानंतर गेले.
म्हणून मी फोन धरला कागदावर.
दंडात पाणी चालू होतं,
शेवरीच्या सावलीत उभ्याउभ्या
पणजोबा काचेवर उमटला:
"सुकाजी वल्द झिंगाजी, जात बारी,
धंदा पानमळा, यास मुलगा झाला."

धंदा पानमळा!
मी खाली पाहिलं. मळ्यात चपला घालत नाहीत.
अनवाणी पाय, तोच चिखल.

मग चटकच लागली.
शाळेचा दाखल-खारीज, शेतसाऱ्याच्या पावत्या,
कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराची यादी,
सव्वा रुपया, सव्वा रुपया, एक तांब्या,
सगळं त्या यंत्राला भरवलं.
ते थकत नाही, चिडत नाही, चहा मागत नाही.
भाट यायचा तेव्हा पायलीभर ज्वारी लागायची,
बाप-मुलगा, बाप-मुलगा असं वाचून
तो पुढच्या गावाला निघून जायचा.
यानं रात्री अकरा वाजता अख्खं झाड काढून दिलं,
खोड, फांद्या, हिरवीगार पानं.

काका म्हणाला, "झाड कायले बे?
आपुन बारी. वेल काढ."

गुजाआत्याला वाचून दाखवलं.
वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान अजून तिखट.
"सुकाजी, पत्नी जानकी..."
"कोन जानकी?"
"तुझी आजी."
"नाही रे बाप्पा. तिले पिपरीवाली म्हनत.
घरात पिपरीवाली, मळ्यात पिपरीवाली,
मेली तवाई लोकं म्हने, पिपरीवाली गेली."
"पण नाव?"
खलबत्त्यात कुटलेलं पान
तिनं एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.
"इचारलंच नाही कोनं."

उतारा पुन्हा उन्हात धरला.
आईच्या नावाचा रकाना, आणि त्यात
वाळवीच्या भोकाची काळी छाया. तांदळाएवढी.
यंत्राला विचारलं, जानकी कुठून आणलीस?
ते लगेच वरमलं. म्हणालं, क्षमस्व,
तिथे अक्षर नाही. त्या काळी, त्या भागात
हे नाव असण्याची शक्यता जास्त, म्हणून.
पुन्हा विचारलं तर म्हणालं, सरस्वतीही असू शकेल.
तिसऱ्यांदा विचारलं नाही.
काय बोलणार त्याला?
ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून
आम्हीही बायकांना हवी ती नावं देत आलो.

जानकी पुसली.
पण तोवर ती ग्रुपवर गेली होती,
एकोणसाठ जणांनी हात जोडले होते,
आणि चाकणला असलेल्या विलासनं
आठ दिवसांच्या पोरीचं नाव ठरवलं होतं.
"खापरपणजीचं नाव, काका.
घरात परत आली बघा."
त्याचा आवाज भरून आला होता.
मी तोंड उघडलं,
आणि पंप बंद पडला, असं काहीतरी बोललो.

आत्याला खरं सांगितलं.
ती बराच वेळ हसली, लाल, बिनदातांची.
मग म्हणाली, "पानवेलीले बी कोनं पायलं?
कांडी तोडाची, दुसऱ्या वाफ्यात खोचाची.
लागली त लागली.
बारशाले पानं पाठवजो."

काल करंडी भरली,
दोनशे पानं, ओल्या फडक्यात,
एसटीच्या पार्सलनं.
वहीत सुकाजीशेजारी लिहिलं, पिपरीवाली.
नावाच्या जागी पेनानं एक भोक काढलं, लहानसं.
अगदी खाली, कागद संपतो तिथे, जानकी.
तिच्यापुढे "कोणावरून" असा रकाना मीच आखलेला.
त्यात काय लिहावं ते
सुचलं नाही, आणि पाणी
दुसऱ्या वाफ्यात वळवायची वेळ झाली होती.